आडवी सूर्यफुलं

वादळ घाटाकडून आलं. वळवाचं हे असंच: दुपारभर घामाच्या धारा, तिन्हीसांजेला पूर्वेकडून काळोख, आणि मग अर्धा तास झावळ्या, कौलं, पत्रे यांचा नुसता थयथयाट. वेंगुर्ल्याला हे नवं नाही. गळलेल्या रायवळ आंब्यांची साटं लागली, लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. परसातली सूर्यफुलं मात्र ओळीनं समुद्राकडे आडवी झाली होती.

"उपटून गुरांक घाल," दगडी गडग्यावरून काकी म्हणाली. "मिरगाक कुसान जातला." तिच्या आगरात माड, पोफळी, रातांबे. काही देत नाही अशा झाडाला तिथं जागा नाही.

मुळं अर्धी मातीत होती, म्हणून राहू दिली. उमललेलं सूर्यफूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं; सूर्यामागे मान फिरवतं ते कोवळं झाड. आमचं मागचं दार झाडांच्या पश्चिमेला, झाडं डोक्याच्या वर. म्हणजे आजवर मला दिसल्या त्या त्यांच्या पाठी! आता ती कलंडली आणि तोंडं आभाळाकडे झाली. गुडघ्याएवढ्या उंचीवर वाढलेली ताटंच.

पहिल्या सकाळी पंगतीला फक्त मुंगळे. ऊन तापल्यावर सातेरी मधमाश्या आल्या. त्या झाडांच्या ढोलीत, भिंतींच्या कपारीत राहतात, त्यामुळे वादळानं त्यांचं फारसं बिघडत नसावं. मग पोयाच्या बारीक माश्या, ज्यांना डंख मारता येत नाही. आणि काळा भुंगा! तो बसला की अख्खं फूल खाली दबतं, बाकीचे उठून बाजूला होतात. मोठ्या माणसांचं सगळीकडे असंच.

ते एक फूल नव्हेच. मधल्या तबकडीत हजारावर बारकी फुलं असतात. भोवतीच्या पिवळ्या पाकळ्या वांझ, नुसती पाटी. बारकी फुलं कडेकडून आत, रोज थोडी थोडी उमलतात. आधी पराग, नंतर त्याच फुलाचा स्त्रीकेसर वर येतो. म्हणून माश्याही रोज थोड्या आत सरकून बसतात. काल कुठं जेवल्या हे त्यांना सांगावं लागत नाही.

अमेरिकेत संशोधकांनी सूर्यफुलांच्या कुंड्या फिरवून पाहिलं होतं, ते २०१६ साली छापून आलं: पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापतात, आणि त्यांच्यावर पश्चिमेकडे वळवलेल्यांपेक्षा पाचपट कीटक येतात. आमचं एक फूल पडताना पिळवटलं आणि गडग्याकडे, पश्चिमेला तोंड करून राहिलं. बाकीची ताटं गजबजलेली असताना त्याच्यावर सकाळी चिटपाखरू नाही. उन्हं कलली की चार सातेरी येतात. सरळ करायला गेले तर देठ मोडेल, म्हणून हात लावला नाही.

मिरगाचं काकी म्हणते ते खरंच. पाणी साचलं की सूर्यफुलाची मुळं टिकत नाहीत. बी भरायला निदान तीनेक आठवडे लागतील आणि तेवढा उन्हाळा शिल्लक नाही. पण भुंग्याला काकीच्या पडवळाचा मांडव दाखवून ठेवायला हवा. पडवळाची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे तो तिथं जाईल असं वाटत नाही. भोपळ्याचा वेल लावते.