रिमोटची शिडाची होडी पाण्यात उतरवताना

या होडीला पुढे ढकलणारी मोटर नसते, हे आधीच सांगतो, कारण काठावर थांबलेला प्रत्येक माणूस तेच विचारतो. आत दोन सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी यंत्रं, असतात. एक सुकाणू फिरवतो, दुसरा म्हणजे विंच, तो शिडांच्या दोऱ्या गुंडाळतो आणि सोडतो. बाकी काम वाऱ्याचं. म्हणून ट्रान्समीटरला दोन चॅनल पुरतात. आणि नवशिक्याच्या बहुतेक अडचणी रेडिओत नसतात, दोरीत असतात. येवल्याला संक्रांतीत पतंगाची आसारी, म्हणजे फिरकी, हातात धरलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

सुरुवातीला मीही मोठ्या होडीकडे बघत होतो. आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) वर्गाची होडी एक मीटरपर्यंत लांब, वजन किमान ४ किलो, त्यात कील (होडीच्या तळाखालचं उभं पातं) आणि त्याचं शिसं मिळूनच २२०० ते २५०० ग्रॅम. चालते सुंदर, पण ती स्कूटरवरून धरणापर्यंत न्यायची कशी? स्वतः बांधायची हौस असेल तर आरजी ६५ हा वर्ग बरा. त्यात लांबी ६५० मिमी आणि शिडांचं क्षेत्रफळ २२५० चौरस सेंटिमीटरपर्यंत एवढं पाळलं की बाकी बरीच मोकळीक असते. मी पहिल्यासाठी ड्रॅगनफोर्स ६५ निवडली. तीही ६५० मिमीची, वजन साधारण सव्वा किलो. शिवाय सगळ्यांच्या होड्या सारख्याच असल्याने दुसऱ्याचं सेटिंग जसंच्या तसं उचलता येतं. बाजारात ‘यॉट’ म्हणून मिळणारी स्वस्त खेळणी मात्र नकोत. त्यांची शिडं दिखाऊ असतात, खाली पंखा फिरत असतो.

मागवताना रेडिओशिवायचा संच मागवा. परदेशातून येणाऱ्या वायरलेस उपकरणाला आपल्याकडे मंजुरीची कागदपत्रं लागतात, आणि ट्रान्समीटरमुळे अख्खं पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. लिथियम बॅटरीचंही विमानाने येताना तेच. फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा २.४ गिगाहर्ट्झचा सेट इथेच मिळतो. घेताना ‘मोड २’ आहे ना, बघा. त्यात डावी दांडी वर-खाली करताना स्प्रिंगने मध्ये परत येत नाही, जिथे ठेवाल तिथेच राहते. शिडासाठी हेच हवं. नाहीतर पूर्ण वेळ अंगठा दाबून उभं राहावं लागतं. उजव्या दांडीवर सुकाणू.

जोडणीच्या आधी एक काम: नुसती हल, म्हणजे होडीचं पोकळ अंग, घेऊन, कील बसवून, पाण्याच्या टाकीत २० मिनिटं ठेवली. वरून हलका दाब दिला. पाणी शिरतं ते तीनच ठिकाणांहून: सुकाणूची नळी, कीलची खाच आणि डेकवरची झाकणं. सुकाणूच्या नळीत सिलिकॉन ग्रीस भरायचं, कीलच्या बोल्टखाली रबरी वॉशर टाकायचा, झाकणावर प्रत्येक वेळी नवी चिकटपट्टी लावायची. जुनी पट्टी पुन्हा दाबून बसवली की ती हमखास दगा देते.

होडी उलटली तरी कीलच्या वजनाने पुन्हा उभी राहते, पण आत पाणी भरलं तर सरळ तळ गाठते. त्यासाठी हिशेब सोपा आहे. समजा बल्ब, म्हणजे कीलच्या टोकाचा शिशाचा गोळा, ६०० ग्रॅमचा आहे. शिशाची घनता ११.३, म्हणजे तो ५३ मिली पाणी बाजूला सारतो. उरलेलं ५४७ ग्रॅमचं ओझं उचलायला तेवढेच मिली बंद हवा आत हवी. प्लास्टिकची हल स्वतः फारशी मदत करत नाही, बॅटरी आणि सर्व्हो बुडणारे. म्हणून मी ७०० मिली धरले आणि थर्माकोलचे तुकडे, फुग्यांचं पॅकिंग झाकणातून आत कोंबलं. विंचच्या दोरीला ते लागू देऊ नका.

आता विंच. माझे सर्वाधिक तास इथे गेले. पहिला नियम: ड्रमवर दोरी चढवण्याआधी रेडिओ चालू करून विंच दोन्ही टोकांपर्यंत रिकामा फिरवून बघायचा. दांडी खाली म्हणजे शीड आत, दांडी वर म्हणजे शीड बाहेर. उलटं फिरत असेल तर ट्रान्समीटरमध्ये चॅनल रिव्हर्स करा, दोरी उलटी गुंडाळू नका. दुसरं, किती दोरी सुटायला हवी ते मोजा. डोलकाठीपासून १५० मिमीवर बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीला, दोरी बांधली असेल, तर शीड जवळजवळ आडवं उघडायला साधारण २०० मिमी दोरी लागते. ड्रमचा व्यास ३० मिमी असेल तर एका फेऱ्यात ९४ मिमी येते, म्हणजे सव्वादोन फेरे पुरे. जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, दोरीही तिच्या बूमच्या खुंटीपासून तेवढ्याच अंतरावर बांधा. अंतरं वेगळी ठेवली तर एक शीड ४० अंशांवर आणि दुसरं ६० वर, असा तमाशा होतो.

विंच टोकाला जाऊन अडून बसला की गुरगुरतो. तो आवाज ऐकू आला की ट्रान्समीटरमधले एंड पॉइंट, म्हणजे फिरण्याच्या हद्दी, कमी करायचे. अडकलेला विंच भरपूर करंट खातो, व्होल्टेज खाली येतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि होडी पाण्याच्या मध्यावर बहिरी होते. साधे अल्कलाइन सेल यासाठीच नकोत. चार एए निकेल-मेटल-हायड्राइड सेल, २००० एमएएचचे, ४.८ व्होल्ट, यावर काम चांगलं चालतं.

दोरी कुठली? मांजा अजिबात नको. काचेचा मांजा ड्रम आणि डेकची कडी दोन्ही कापतो, नायलॉनचा ताणतो, शिवाय त्यावर बंदी आहेच. मासेमारीच्या दुकानातली विणलेली पीई दोरी, साधारण ०.४ मिमीची. ती गुळगुळीत असते, गाठ सरकते, म्हणून गाठीवर फेव्हिक्विकचा एक थेंब. ड्रमवर दोरी ढिली पडली की ती कडेवरून घसरून खालच्या दांड्याला गुंडाळते. उपाय म्हणून दोरीच्या परतीच्या बाजूला पातळ इलॅस्टिक बांधायचं, म्हणजे वारा नसतानाही ताण राहतो. घरात शीड उघडमीट करून बघताना बूमला हाताने हलका ताण द्या. नाहीतर धरणावर पोचण्याआधीच गुंता तयार असतो.

पूर्ण आत ओढल्यावर मुख्य बूमचं टोक मध्यरेषेपासून १० ते १५ मिमी बाहेर असावं, जिबचं त्याहून जरा जास्त. दोन्ही अगदी मध्यावर आणली तर होडी तिरकी झुकते, पुढे जात नाही. शीड सपाट ताणलेलं नको, पोट हवं. बूम आणि कापड यांच्यात खालच्या कडेच्या लांबीच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याएवढी खोली ठेवतो. मागचा ताण, म्हणजे बॅकस्टे, वाढवला की डोलकाठी वाकते आणि मुख्य शीड सपाट होतं. जोराच्या वाऱ्यात हे हवं, मंद वाऱ्यात नको. हे सगळे ताण बाउझी नावाच्या तीन भोकांच्या छोट्या पट्टीने बदलतात. एखादी हरवली तर प्लास्टिकच्या तुकड्याला तीन भोकं पाडून घरी होते.

सुकाणूचा सर्व्हो आधी मध्यावर आणून मगच त्याचा हात (वरची फिरणारी पट्टी) बसवायचा. दोन्ही बाजूंना ३५ अंश फिरणं पुरे, जास्त फिरवलं तर सुकाणू ब्रेकसारखं होडीला थांबवतं.

फेलसेफही लावून ठेवा: सिग्नल तुटला तर शीड सैल, सुकाणू थोडं वळलेलं. होडी तिथेच गोल फिरत राहते, पलीकडच्या काठाला निघून जात नाही. रिसीव्हरची अँटेना डेकच्या जवळ, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत.

जागेबद्दल. नाशिकचे रामकुंड आणि गोदाघाट विसरा. जलपर्णी कीलला माळ घालते आणि पावसाळ्यात विसर्ग सुटला की प्रवाह होडीच्या वेगापेक्षा जास्त. नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आणि रामसर स्थळ आहे, तिथे प्रश्नच नाही. गंगापूर धरणाचं पाणी मोकळं आहे, पण भिंतीच्या बाजूला बंदी असते आणि बोट क्लबजवळ मोटरबोटींच्या लाटा येतात. काठ निवडताना आधी विचारणा करून परवानगी घ्या, आणि कोळ्यांच्या जाळ्यांची तरंगणी कुठे आहेत ते बघून ठेवा. कील जाळ्यात गेली की होडी ओढून काढता येत नाही, जाळं फाटतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि गाळ उघडा पडतो. गुडघाभर पाणी थेट काठालगत मिळेल अशीच जागा हवी, नाहीतर कील तळाला टेकते.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, जोरदार आणि झोताझोताने येतो. उन्हाळ्यात दुपारनंतर तोच पश्चिमेचा. शिकायला हिवाळ्यातली सकाळ बरी. पाण्यावर बारीक सुरकुत्या असाव्यात, पांढरे फेस नसावेत. फेस दिसले तर लहान शिडं लावा किंवा परत जा. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. खूण म्हणजे वाऱ्यासोबत धावताना पुढचं टोक पाण्यात घुसायला लागतं आणि मागे सुकाणू उचलतं. मग दांडी कितीही हलवा, ऐकत नाही.

पहिल्या दिवशी वारा काठाला समांतर किंवा काठाकडे येणारा असावा. वारा आडवा घेऊन डावीकडून उजवीकडे आणि परत, एवढंच करा. सगळ्यांची चूक एकच: शीड घट्ट ओढून ठेवणं. पतंगाला जशी ढील, तशी इथेही. शीड पुढच्या कडेला फडफडेपर्यंत सोडायचं, मग फडफड थांबेल एवढंच ओढायचं. वाऱ्याच्या थेट दिशेने जाता येत नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंतच जमतं. टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना, आधी वेग हवा, मग सुकाणू ठाम पण संथ फिरवायचं. मध्येच तोंड वाऱ्यात अडकलं तर शीड सैल करा आणि होडी मागे सरकत असताना सुकाणू उलट वळवा.

सुकाणूची दांडी सोडल्यावर होडी हळूच वाऱ्याकडे वळावी. झपाट्याने वळत असेल तर डोलकाठी किंचित पुढे झुकवा, वाऱ्यापासून दूर पळत असेल तर मागे. एका वेळी बाउझी दोन-तीन मिमीच सरकवा. साठ-सत्तर मीटरपलीकडे शीड कुठल्या बाजूला आहे ते दिसत नाही, म्हणून डोलकाठीच्या टोकाला नारिंगी पट्टी लावली आहे.

वारा पडला तर पोहत जाऊ नका, धरणाचा काठ एकदम खोल होतो. गळाच्या काठीच्या दोरीला टेनिस बॉल बांधून होडीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी तिच्यावरून ओढत आणायची. एकट्याने जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला.

घरी आल्यावर झाकणं उघडून रात्रभर वाळवा, बॅटरी काढा, बॅकस्टे सैल करा. तो ताण तसाच राहिला तर डोलकाठीला बाक येतो. डोलकाठी उतरवण्याआधी प्रत्येक बाउझीच्या जागी दोरीवर मार्करने खूण करायची आणि सगळ्या दोऱ्या डोलकाठीलाच रबरबँडने बांधायच्या. खुणा असल्या तर पुढच्या वेळी काठावर जोडणीला पाच मिनिटं लागतात, नसल्या तर वारा निघून जाईपर्यंत.