एमिलिया आणि तो एक माणूस

गेले काही दिवस माझ्या डोक्यात एकच जहाज घोळतंय, एमिलिया. लंडनच्या सॅम्युएल एंडर्बी अँड सन्स कंपनीचं. 1788 मधे निघालं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून पॅसिफिकमधे शिरलं, आणि तिथे व्हेलची शिकार करणारं पहिलं जहाज ठरलं.

मुळात एवढ्या लांब जायची वेळ का आली तर एंडर्बींचा धंदा अमेरिकन वसाहतींतून येणाऱ्या व्हेलच्या तेलावर चालायचा, मग अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध झालं, वसाहती हातच्या गेल्या, ब्रिटनने अमेरिकन तेलावर जबर कर बसवला, म्हणजे आता तेल हवं तर आपली जहाजं आपणच पाठवायची. आणि तेल तर हवंच होतं, दिव्यांना, यंत्रांना. त्यातही स्पर्म व्हेलचं तेल म्हणजे स्वच्छ जळणारं, सगळ्यात भारी.

कॅप्टन जेम्स शील्ड्स. फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, आर्केलॉस हॅमंड, मूळचा अमेरिकेतल्या नॅनटकेट बेटाचा. 3 मार्च 1789 ला चिलीच्या किनाऱ्याजवळ याच हॅमंडने पहिला व्हेल मारला. पण मारला म्हणजे नेमकं काय केलं ते बघा. पाच-सहा माणसांची हलकी होडी, वल्ही मारत इतकं जवळ जायचं की ते धूड हाताच्या अंतरावर, मग हार्पून, म्हणजे काटेरी भाला, रुतवायचा, त्याला दोर बांधलेला, जखमी व्हेल सुटला की होडी त्याच्यामागे फरफटत जाणार, तो दमला की परत जवळ जाऊन लांब भाल्याने मारायचं. त्याने शेपटी आपटली तर होडीच्या चिंध्या. एवढं करून काम संपत नाहीच, जहाजाला बांधून चरबी सोलायची, डेकवरच्या विटांच्या भट्टीत कढईत कढवायची, आणि जळण काय तर कढवून उरलेले चरबीचेच तुकडे! डोक्यातला मेणासारखा द्रव वेगळाच, तो बादल्यांनी उपसायचा, गार झाला की पांढरा घट्ट होतो, त्याच्या मेणबत्त्या बनत.

मार्च 1790 मधे एमिलिया 139 टन तेल घेऊन लंडनला परतली. हा जुना टन म्हणजे तेल मोजायचं माप, ते धरलं तर सव्वा लाख लिटरच्या वर! मग काय, एकामागून एक जहाजं हॉर्नच्या वाटेला लागली, 1791 मधे नॅनटकेटचं बीव्हरही गेलं, आणि 1793 मधे तर जेम्स कोलनेटला रॅटलर जहाज घेऊन खास या व्हेलवाल्यांसाठी पॅसिफिकची पाहणी करायला पाठवलं.

पण मी अडकलोय ते एंडर्बींच्या पत्रातल्या एका वाक्यात. पॅसिफिकमधे चांगला नफा दिसतोय म्हणतात, आणि पुढे, सगळे खलाशी ठणठणीत परत आले, फक्त एक माणूस व्हेलने मारला. फक्त एक. मला ते वाचून फार लागलं. हॅमंडचं नाव सव्वादोनशे वर्षांनंतर मी इथे लिहितोय, शील्ड्सचं लिहितोय, तेल किती टन तेही माहितेय, आणि त्याच होड्यांतून वल्ही मारत गेलेल्या त्या माणसाचं त्या वाक्यात नावसुद्धा नाही.