अर्धा इंच

ब्लाउजचं माप घेता घेता शिंपी मास्तर सहज म्हणाले, "ताई, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे. मी शिवताना सांभाळून घेतो." गेली अकरा वर्षं ते सांभाळून घेत होते म्हणे. मला पत्ताच नव्हता.

लहानपणी "पोक काढू नकोस, ताठ बस" दिवसातून दहादा ऐकलेलं. ऐकलं की ताठ व्हायचं, आणि मोठ्यांची पाठ वळली की पुन्हा जैसे थे. त्या दिवशी घरी आल्यावर कपाटाच्या आरशासमोर तोच हुकूम मी स्वतःला सोडला. छाती पुढे, पोट आत, हनुवटी वर. एनसीसीच्या परेडला निघाल्यासारखी. खांदा होता तिथेच राहिला, वर कंबर भरून आली.

आरशावरून एफ. एम. अलेक्झांडर आठवला. टास्मानियात १८६९ साली जन्मलेला हा माणूस शेक्सपिअरचे उतारे म्हणून दाखवायचा आणि नेमका कार्यक्रमात त्याचा आवाज बसायचा. डॉक्टरी इलाज टिकेना, तेव्हा त्याने आरसे मांडून स्वतःलाच न्याहाळलं. बोलायला लागताच तो डोकं मागे खेचून मानेत रुतवत होता! गंमत पुढेच आहे. त्याने डोकं पुढे आणि वर न्यायचं ठरवलं, नेतोय असं त्याला अगदी वाटतही होतं. आरशात मात्र ते मागेच. शरीराला जे सरळ वाटतं ते नुसतं सवयीचं असतं. माझ्या खांद्याला तरी अकरा वर्षं कुठे वाकडं वाटलं होतं?

या न्याहाळण्यातूनच त्याने पुढे 'अलेक्झांडर टेक्निक' ही अंगाच्या सवयी सोडवायची पद्धत घडवली. मग ती शिकवणाऱ्या एका बाईंकडे मी जाऊ लागले. त्या हात लावतात म्हणजे जवळजवळ लावतच नाहीत. खुर्चीतून उठताना मानेमागे दोन बोटं, आणि "उठायची घाई नको. आधी मान सोडा." उठायचा नुसता विचार आला तरी माझी मान आवळते, श्वास अडतो, हे चाळिशी उलटल्यावर कळलं. खुर्चीतून उठायला शिकायचे पैसे मोजते म्हटल्यावर नवरा हसला. त्याला मी २००८ची 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधली चाचणी ऐकवली: पाठदुखीचे ५७९ रुग्ण, वर्षभरानंतर चार आठवड्यांतले दुखण्याचे दिवस नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांचे २१, अलेक्झांडरचे २४ धडे घेतलेल्यांचे ३. त्याने मोबाईलमधून मान काढली नाही.

दुपारी आता सतरंजीवर पडते. गुडघे उभे, डोक्याखाली दोन जुने दिवाळी अंक. पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही, आणि तेच अवघड. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने पाणी सोडून चपट्या होतात, आडवं झालं की पुन्हा शोषून घेतात. म्हणून सकाळी आपण सेंटीमीटरभर उंच असतो. जेवण झालं की आजी "जरा पाठ टेकते" म्हणायची, ते हेच. (तीही शेवटी कमरेत वाकलीच, तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही.)

परवा नवं कापड घेऊन मास्तरांकडे गेले. टेप खांद्यावर पडली तशी मी मान सोडली, खांदे सोडले, श्वास मोकळा केला. मास्तरांचा हात थांबला.

"ताई," ते म्हणाले, "नेहमीसारख्या उभ्या राहा ना."