भिंतीवरची 2019 ची रेष

पूर उतरल्यावर गॅरेजच्या अलीकडेच वास गाठतो. चिखल, डिझेल आणि आंबलेली सीटं. अठरा वर्षं वाहन विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतोय, तरी त्या वासाची सवय झालेली नाही.

2021 च्या जुलैअखेरची गोष्ट. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या अलीकडे, जयंती नाल्याच्या अंगाला एक जुनं गॅरेज आहे. त्या गल्लीत शिरलो तेव्हा मिस्त्री दारातच टब घेऊन नट-बोल्ट डिझेलनं धूत बसला होता. मला बघून उठला. हात पुढं करायचा होता, पण हाताकडं बघून नुसताच हसला.

आत चार गाड्या. मी आलो होतो त्यातल्या एकीसाठी: चार वर्षांची होत आलेली डिझेल गाडी, फुल्ल विमा, गिअरबॉक्स उतरवून जमिनीवर ठेवलेला. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलेलं. तिच्या शेजारी, दोन खांबी लिफ्टवर, एक जुनाट टेम्पोवजा गाडी सहा फूट वर कोरडी ठणठणीत. दोन दिवस आधी सायलेन्सरच्या कामासाठी चढवली होती, ती तशीच राहिली म्हणून वाचली. मी विचारलं, मग ही महागाची का नाही चढवली? मिस्त्री म्हणाला, "साहेब, आठ वाजता लाईट गेली. लिफ्ट काय हातानं उचलू?"

पूर आला की महावितरण आधी वीज तोडतं, तोडायलाच हवी. पण हायड्रॉलिक लिफ्टला मोटर लागते, आणि मोटरीला वीज. हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

मागच्या भिंतीवर ऑइलपेंटची एक लाल रेष. खाली मिस्त्रीच्याच अक्षरात तारीख: ऑगस्ट 2019. त्या वर्षीचं पाणी इथवर आलं होतं. स्टार्टर, अल्टरनेटर, नव्या बेअरिंगचे खोके, सगळी फळ्या-मांडणी त्या रेषेच्या वर. पण यंदाचा चिखल रेषेच्या चार बोटं वर चढला होता आणि सगळ्यात खालची फळी बुडाली होती.

मी फोटो काढले. ऑइल तपासायची कांडी, डिपस्टिक, ओढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी इंजिनात शिरलेलं. कोणी स्टार्टर मारला नव्हता, हे बरं झालं. पाण्यातली गाडी सुरू करायला गेलं की सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमा कंपनी म्हणते हे पुरानं नाही, तुमच्या किल्लीनं झालं. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च मालकाच्या गळ्यात.

गाडीचा मालक तिथंच होता. त्याला वाटत होतं, फुल्ल विमा म्हणजे सगळं भरून मिळणार. मी अंदाज मांडून दाखवला. दुरुस्ती 3,85,000. गाडीची विम्यातली किंमत 7,20,000. खर्च तिच्या 75 टक्क्यांच्या आत, म्हणजे गाडी पूर्ण बाद धरता येत नाही. रबर-प्लास्टिकच्या सामानावर 50 टक्के घसारा, चौथ्या वर्षातल्या धातूच्या भागांवर 25 टक्के, वर हजाराची सक्तीची वजावट. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं वाढीव संरक्षण, घेतलेलं नव्हतं. हातात येणार दोन लाख एकसष्ट हजार. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, नो क्लेम बोनस, तीही गेली.

"मग हे सव्वा लाख कुणाचे?" त्यानं माझ्याकडं नाही, मिस्त्रीकडं बघून विचारलं.

मिस्त्रीनं दाराजवळच्या पाटीकडं बोट केलं. "गाडीची व सामानाची जबाबदारी मालकाची." अशी पाटी नाही असं गॅरेज मी बघितलेलं नाही. मी त्याला सांगितलं, बाबा, पाटीवर फार भरवसा ठेवू नकोस. दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलात 1998 साली पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली होती. किल्ली हॉटेलच्या माणसाकडं दिलेली, आणि पावतीवर हेच छापलेलं, मालकाच्या जबाबदारीवर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2019 च्या नोव्हेंबरात निकाल लागला: किल्ली घेतलीत की काळजी घेतल्याचं तुम्ही दाखवायचं, नुसत्या छापील ओळीआड लपता येत नाही. हॉटेलला पैसे द्यावे लागले.

"ते हाटेल हाय, साहेब. माझं काय, पत्रा हाय."

पत्रा असला तरी कायदा तोच. 1872 चा करार कायदा याला निक्षेप म्हणतो: माझी वस्तू एका कामासाठी तुझ्या ताब्यात, काम झालं की परत. आणि काळजी किती घ्यायची? साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची घेईल तेवढी. तेवढी घेतली असेल आणि तरी नुकसान झालं, तर ताबा घेणारा सुटतो. लिफ्टवरची गाडी असो वा लोहाराकडं टाकलेला नांगर, मोजमाप हेच.

आता इथं ते लावा. गुरुवारी, 22 जुलैला, पंचगंगा फुगत होती. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ. 2019 ला पाणी दिवसादिवसानं चढलं होतं. यंदा बघता बघता आलं. मिस्त्री आणि त्याच्याकडचं पोरगं रात्री गाड्या काढत होते. परीख पुलाखाली पाणी, म्हणून लांबून फिरून राजारामपुरीत पाव्हण्यांच्या दारात लावत होते. पाच गाड्या काढल्या. मिस्त्रीची स्वतःची व्हॅन तिथंच बुडाली. मी तिचाही फोटो काढला, कामाचा नसताना. स्वतःच्या मालाइतकी काळजी, म्हणतो ना कायदा? त्यानं तर परक्याच्या मालाची जास्त घेतली होती.

एवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, माझ्या गाडीचंपण बघा की."

निवृत्त शिक्षक. पांढरी विजार चिखलात. त्यांची लहान पेट्रोल गाडी कोपऱ्यात, बारा वर्षांची. कागद बघितले. विमा फक्त थर्ड पार्टी. रस्त्यावर दुसऱ्याला लागलं-खरचटलं तर कंपनी भरते. स्वतःच्या गाडीसाठी रुपाया नाही. असं सांगताना माझा आवाज नेहमी खाली येतो.

सर बुधवारी गाडी नेणार होते. क्लचचं काम झालेलं, बिल 6,800. मिस्त्रीनं फोन करून सांगितलं होतं, सर म्हणाले पाऊस उघडला की येतो. गुरुवारी रात्री मिस्त्रीनं तीनदा फोन लावला. तेही मोबाईल काढून दाखवलं. सरांचा फोन सायलेंटवर होता.

"फोन केलास, कबूल," सर म्हणाले. "पण किल्ली तुझ्याकडं होती, गाडी चालू होती. तू का नाही काढलीस?"

मिस्त्री गप्प. उत्तर पोरानं दिलं. पोरगं सतरा-अठराचं, खोटं बोलायला अजून शिकायचं होतं.

"मिस्त्री म्हणले, आधी नव्या काढ. मास्तरांची म्हातारी हाय, ती शेवटाला. सहाव्या खेपेला आलो तर गेटात छातीएवढं पाणी."

कुणीच काही बोललं नाही. नळाखाली बादली भरून वाहायला लागली होती, ती मिस्त्रीनं जाऊन बंद केली.

मला एक जुनी केस आठवली, उगाच. एका गॅरेजच्या हेल्परनं ग्राहकाची गाडी वडापाव आणायला नेली आणि डिव्हायडरला घातली. लायसन नव्हतं. तिथं काही विचार करायचाच नव्हता. विम्याचा क्लेम गेला आणि गॅरेजवाल्यानं सगळं भरलं. तसली केस सोपी. इथं पाच गाड्या वाचवणारा माणूस सहावीसाठी गुन्हेगार ठरवायचा का, आणि ठरवायचा तर किती रुपयांचा?

सुदैवानं ते माझं काम नव्हतं. माझं काम डिझेल गाडीचं होतं. पण त्या रिपोर्टातही एक रकाना असतो: नुकसान दुसऱ्या कुणाच्या निष्काळजीपणामुळं झालं का? हो लिहिलं की कंपनी मालकाला पैसे देऊन त्याच्या जागी उभी राहते आणि गॅरेजकडं वसुलीला जाऊ शकते. गॅरेजवाल्यांसाठी ताब्यातल्या गाड्यांची वेगळी पॉलिसी मिळते, इंटर्नल रिस्क म्हणतात. मी मिस्त्रीला विचारलं, काढलीय का. त्यानं नावच पहिल्यांदा ऐकलं. शेजारच्या दोन गॅरेजांत विचारलं, तिथंही तेच.

मी भिंतीवरच्या रेषेकडं परत गेलो. ती मिस्त्रीविरुद्धचा पुरावा होती: पाणी इथवर येतं हे याला दोन वर्षं माहीत, तरी उतरलेल्या गिअरबॉक्सची गाडी नाल्याच्या कडेला ठेवली. आणि तीच त्याच्या बाजूचा पुरावा होती: माहीत होतं म्हणून त्यानं सामान वर चढवलं, रात्रभर गाड्या हलवल्या. एकाच फोटोत दोन्ही. रकान्यात मी हो-नाही लिहिलं नाही. किती वाजता लाईट गेली, किती गाड्या कुठं नेल्या, रेष कुठं, चिखल कुठं, एवढं लिहिलं आणि फोटो जोडला. वरून कंपनीचा फोन आला, "मत द्या." मी म्हटलं, मत फोटोत आहे.

कंपनीनं पुढं काय केलं ते मला कळलं नाही; रिपोर्ट गेला की आमचा धागा तुटतो. डिझेल गाडीवाल्यानं आधी ग्राहक आयोगात जायची भाषा केली, मग चाळीस हजारांवर मिटवलं, चार हप्त्यांत. मिस्त्री म्हणाला, "देतो. पर गिअरबॉक्स मीच चढवणार, दुसरीकडं न्यायचा न्हाई." यात आर्थिक शहाणपण काय होतं मला अजून समजलेलं नाही.

सरांचं तिथंच, माझ्यासमोर, चहा पिताना ठरलं. सामान सरांचं, मजुरी मिस्त्रीची, इंजिन खोलावं लागलं तर अर्धं-अर्धं. क्लचही पुन्हा उतरवून धुवून बघावा लागणार होता. सरांनी चहाचा कप ठेवला, पाकीट काढलं आणि 6,800 मोजले.

"हे कशाचे, सर?"

"क्लचचे. ते काम तर तू केलंस ना."

मिस्त्रीनं वही शोधली. ती फुगून दुप्पट झाली होती, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यानं नखानं एक पान सोडवलं, जमा लिहिलं, आणि त्याच ओळीखाली तोच गाडी नंबर पुन्हा घातला.