आमची वाटचाल: समेवर येणारा कॉम्प्युटर

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून दोन मिनिटांवर, बाबांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. गणपतीच्या आधी महिनाभर तिथे पाय ठेवायला जागा नसायची, मंडळांचे अँप्लिफायर एकावर एक रचलेले असायचे. बाबा मीटर लावायच्या आधी कान लावायचे. नुसती गुणगुण ऐकून सांगायचे, "हे अर्थिंगचं आहे" किंवा "हा कपॅसिटर गेलाय." मी तिथेच बसून अभ्यास केला, सोल्डरिंगही तिथेच शिकले. २००९ साली त्याच दुकानात अर्ध्या टेबलावर मी कॉम्प्युटर जोडून द्यायला लागले. आज आम्ही चौघं आहोत आणि घरी संगीत रेकॉर्ड करणाऱ्यांसाठीच मशीन बनवतो. दुसरं काम घेत नाही.

हे वळण एका तबलावादक काकांमुळे आलं. २०१२ची गोष्ट. काका नारायण पेठेत राहायचे, शिष्यांसाठी घरीच बोल रेकॉर्ड करायचे. मशीन दुसरीकडून घेतलेलं, प्रोसेसर चांगला चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एक भाग), पैसे भरपूर मोजलेले. पण रेकॉर्डिंगमध्ये मधूनच "टच्" असा आवाज यायचा. "अगं, मी समेवर येतो आणि नेमकं तिथेच हे टचकन वाजतं," म्हणाले. मी रॅम बदलली, हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकलं. पंधरा दिवस गेले, टच् तिथेच. शेवटी लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं आणि दिसलं, की वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, थोड्या थोड्या वेळाने प्रोसेसरला अडवून धरतोय. वायफाय बंद केलं, आवाज गेला. रॅम आणि डिस्कचे पैसे मी काकांना परत दिले. ते नको म्हणत होते, पण दोष त्या वस्तूंचा नव्हता, मला कळलं नव्हतं.

त्या रात्री मी कागदावर आकडे मांडले. ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करताना एका सेकंदात आवाजाचे ४८,००० नमुने येतात. कॉम्प्युटर ते एकेक करून उचलत नाही, गठ्ठ्याने उचलतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १२८चा, म्हणजे १२८ नमुन्यांचा, बफर लावला तर पुढचा गठ्ठा तयार करायला मशीनला २.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झालं नाही, तर आवाजात खंड पडतो आणि टच् ऐकू येतो. वर्षभर मशीन कितीही जोरात धावलं आणि एकदाच तीन मिलिसेकंद अडकलं, तरी तो टेक वाया गेला. गाण्यातही तेच असतं. तान कितीही तयारीची असो, समेला चुकली की चुकली. मशीन सरासरीने किती वेगवान आहे हे बाकीच्यांनी पाहावं. ते दर गठ्ठ्याला वेळेवर येतं का, एवढंच आम्ही पाहायचं, असं मी तेव्हा ठरवलं.

मग बफर मोठाच का ठेवू नये? मिक्सिंग करताना ठेवतोच. पण गायिका हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गात असेल, तर १०२४च्या बफरला नुसत्या एका बाजूचा उशीर २१ मिलिसेकंदांचा होतो. जाऊन येऊन दुप्पट, वर ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या खोक्याचा, वेळ वेगळा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे साथीदाराला उचलून १४ मीटरवर बसवल्यासारखं. अशा अंतरावरून लय कशी धरायची?

"ताई, कुठला प्रोसेसर घेऊ?" हा प्रश्न मला आजही सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. याचं उत्तर शिकायला मला एक चूक करावी लागली. २०१९च्या शेवटी कोथरूडच्या एका तरुण संगीतकाराला मी बारा कोअरचा प्रोसेसर घालून दिला. जास्त कोअर म्हणजे जास्त ताकद, असं माझंही साधं गणित होतं. मोठ्या बफरला मशीन सुरेख चालायचं. तो ६४च्या बफरवर सिंथ (सिंथेसायझर) वाजवायला बसला, की मात्र निम्म्या भारालाच टच् टच् सुरू. कारण शोधायला मला दोन महिने लागले. एका ट्रॅकवर आधी ईक्यू, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब असे प्लगिन, म्हणजे आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअर, एकामागोमाग असतात. पहिल्याचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हातच लावता येत नाही, त्यामुळे ती अख्खी साखळी एकाच कोअरवर चालते. सगळे ट्रॅक शेवटी मास्टरवर जमतात, तिथेही तेच. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जातात हे खरं, पण सगळ्यात लांब साखळी ज्या कोअरवर आहे, त्याच्या वेगावरच सगळं अडतं. त्यात त्या प्रोसेसरमधले कोअर गटागटांत वाटलेले होते, प्रत्येक गटाची कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली जलद मेमरी, वेगळी. एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर वेळ जायचा. मोठ्या बफरला तो वेळ खपून जातो, ६४च्या बफरच्या १.३३ मिलिसेकंदात खपत नाही.

नोव्हेंबर २०२०मध्ये एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसरची मालिका आली. तिच्यात एका चिपलेटवरच्या (प्रोसेसरमधल्या एका छोट्या चिपवरच्या) आठही कोअरना ३२ एमबीची एकच कॅश मिळाली. मी त्या मुलाचा प्रोसेसर काढून आठ कोअरचा बसवला, फरकाचे पैसे घेतले नाहीत. मदरबोर्ड, म्हणजे आमच्या भाषेत नुसता बोर्ड, तोच राहिला, फक्त त्याचं बायोस (बोर्डातलंच मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं. चार कोअर कमी, आणि ६४चा बफर शांत. तो आता आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना स्वतःहून समजावत बसतो.

ते वर्ष लॉकडाउनचं. गायक, वादक, ध्वनिमुद्रक सगळे घरी अडकले आणि ज्याला त्याला घरात मशीन हवं झालं. माल मिळेना. एका पुरवठादाराने सांगितलेल्या बोर्डाऐवजी तसंच दिसणारं दुसरं पाठवलं आणि खोकं उघडलंत म्हणून परत घेईना. एरवी चाललं असतं, पण त्या बोर्डावर दुसरी एमडॉट२ डिस्क (थेट बोर्डावर बसणारी) लावली की दोन साटा पोर्ट (वायरने डिस्क जोडायच्या जागा) बंद व्हायचे. गिऱ्हाईक वाद्यांच्या सॅम्पल लायब्ररी असलेल्या चार डिस्क घेऊन आलं होतं. तेव्हापासून बोर्डाचं मॅन्युअल आम्ही विकत घ्यायच्या आधी वाचतो, आणि तेही कुठला पोर्ट कुणाशी वाटून आहे हे सांगणारं पान सगळ्यात आधी.

बोर्डाकडे लोक फारसं बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रोसेसरवर पैसे ओततात आणि बोर्ड उरलेल्या पैशांत घेतात. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम, तापला की प्रोसेसर आपला वेग कमी करतो, आणि तो नेमका तुम्ही गात असताना तापतो. म्हणून त्यावर चांगला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, हवा. मागच्या बाजूला भरपूर यूएसबी हवेत, म्हणजे इंटरफेसला थेट जागा मिळते. पुढच्या पॅनेलवर किंवा हबवर आम्ही इंटरफेस कधीच लावत नाही. थंडरबोल्टचा (यूएसबीसारखीच दुसरी जोडणी) इंटरफेस असेल तर बोर्डावर त्याची सोय आहे ना, हे आधीच बघावं लागतं, मागाहून कुठलंही कार्ड कुठल्याही बोर्डावर चालत नाही. आणि "स्टुडिओ दर्जाचा आवाज" असं खोक्यावर छापलेल्या बोर्डासाठी जास्त पैसे देऊ नका. तुमचा आवाज इंटरफेसमधून जाणार आहे, बोर्डावरची साउंड चिप तर आम्ही बायोसमधून बंदच करतो.

शांततेचंही तेच. रायझनसाठीच्या एक्स-५७०च्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपला, छोटासा पंखा होता. बी-५५० चिपसेटच्या बोर्डांना तो नव्हता, आणि घरच्या स्टुडिओला लागेल तेवढं सगळं त्याच्यावर होतं. पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत माइक आणि मशीन एकाच टेबलावर असतात. एप्रिल-मे महिन्यात खोलीतला पंखा बंद, एसी बंद, खिडकीला गादी लावलेली. अशा खोलीत तो बारीक पंखा माइकला स्पष्ट ऐकू येतो. म्हणून थोडी कमी वीज खाणारा प्रोसेसर आणि मोठा, सावकाश फिरणारा कूलर, हीच आमची जोडी असते.

२०२१च्या शेवटी इंटेलच्या बाराव्या पिढीत मोठे (वेगवान) आणि छोटे (कमी वीज खाणारे) असे दोन जातीचे कोअर आले. आम्ही सावध होतो, नाजूक काम छोट्या कोअरवर जाऊन पडेल अशी धास्ती होती. म्हणून मध्यम बजेटला आम्ही आय-५ १२४०० देत राहिलो, त्यात सहाही कोअर मोठे आहेत. त्यातली बरीच मशीन आजही चालू आहेत. आता प्रत्येक नवा प्रोसेसर आधी आमच्या टेबलावर रात्रभर ६४च्या बफरवर चालतो, मगच यादीत येतो.

गेल्या महिन्यात ते तबलावाले काका स्वतःचं जुनं मशीन घेऊन आले. बारा वर्षांहून जास्त चाललं. कॅबिनेट आणि पंखे तेच ठेवून आत नवा बोर्ड आणि प्रोसेसर बसवला. बाबा आता ऐकायला थोडे कमी झालेत, तरी हेडफोन लावून बसले होते. काकांनी डग्गा पुढे ओढून तीनतालाचा ठेका धरला, एक कायदा वाजवला, तिहाई घेऊन समेवर आले. बाबांनी हेडफोन काढला आणि मला म्हणाले, "बिल कर." काकांनी विचारलं, "वायफाय बंद केलंस ना गं?" मी म्हटलं, हो, बायोसमधूनच.