वळणावळणाची बाग

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी वाहनांचा जो कल्लोळ असतो, त्याला लागूनच पु. ल. देशपांडे उद्यान असावे, ही या शहराच्या स्वभावाला शोभणारी विसंगती आहे. बाहेर रिक्षा आणि बसगाड्या एकमेकींना हटवत असतात आणि आत सुमारे 10 एकरांच्या जागेत पाण्याचा एक ओहोळ कसलीही घाई नसल्यासारखा वाहत असतो. जपानमधील ओकायामा आणि पुणे या दोन शहरांच्या मैत्रीतून ही बाग आकाराला आली आणि तिचा नमुना म्हणून ओकायामाचे सुमारे 300 वर्षांपूर्वीचे कोराकुएन उद्यान समोर ठेवले गेले. पुणेकर मात्र एवढ्या तपशिलात शिरत नाहीत; संध्याकाळी पाय मोकळे करायला ‘ओकायामात जाऊन येतो’ असे ते अगदी पर्वतीला जाऊन यावे इतक्या सहजपणे सांगतात.

मला या बागेत सर्वांत अधिक आवडते ती पायवाट. हिरवळीचे चढउतार इतके मोकळे आहेत की आत शिरताच जवळजवळ सगळी बाग नजरेत आल्यासारखे वाटते. पण पायवाट माणसाला सरळ कुठेच नेत नाही. समोर दिसणाऱ्या तळ्याकडे निघावे, तर ती आधी एका टेकाडाला वळसा घालते, मग एका छोट्या पुलावर चढवते, आणि तळ्याशी पोचेपर्यंत तेच तळे दोनतीन निरनिराळ्या बाजूंनी, दर वेळी वेगळ्या आकाराचे होऊन दिसलेले असते. चालत चालत पाहण्यासाठी बागा रचण्याची ही पद्धत जपानच्या एदो काळातील, म्हणजे 1603 ते 1868 या काळातील, सरदारांनी फुलवली. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने कोराकुएनचे काम 1687 मध्ये सुरू करवले आणि 1700 मध्ये ते पूर्णत्वास आले. ती त्याच्या स्वतःच्या विसाव्याची आणि पाहुण्यांची जागा होती. 1884 मध्ये ती सरकारी मालकीची झाली आणि सर्वांसाठी खुली झाली. आज सिंहगड रस्त्यावर निवृत्त मंडळी पांढरे बूट घालून आणि निवृत्तिवेतनाविषयी बोलत ज्या वळणांवरून चालतात, ती वळणे मुळात एका सरदाराच्या डोळ्यांसाठी योजली होती, या विचाराने मला दर वेळी थोडी गंमत वाटते.

ही तर नक्कल आहे, असे नाक मुरडणारे लोक भेटतात. त्यांना मी कोराकुएनचीच गोष्ट सांगतो. 1934 च्या पुराने त्या बागेची मोठी हानी केली आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तेथील बहुतेक इमारती जळाल्या. मधोमध ओहोळ वाहू देणारा ‘र्‍युतेन’ नावाचा लाकडी मंडप जो वाचला, तो नशिबानेच. पुढे एदो काळातील जुनी चित्रे आणि आराखडे समोर ठेवून बाग पुन्हा उभी करण्यात आली. म्हणजे ओकायामाचे रहिवासीही आज जेथे फिरतात, ती बाग बऱ्याच अंशी जुन्या बागेवरून केलेली नवी बागच आहे. गवत काही 300 वर्षे टिकत नाही. टिकते ती पाणी कोठून आणावे, कोठे अडवावे आणि चालणाऱ्याला कोठे थांबवावे याची समज. ती जर चित्रावरून उतरवता येते, तर समुद्र ओलांडूनही येऊ शकते.

अर्थात सगळे येत नाही. ओकायामाच्या थंडीत कोराकुएनची हिरवळ सोनेरी पडते आणि फेब्रुवारीच्या सुमारास ती मुद्दाम जाळतात, म्हणजे वसंतात नवे गवत जोमाने फुटते. पुण्याच्या बागेला मात्र हिवाळ्यातही हिरवेच राहावे लागते. शिवाय जपानी बागकारांची एक चतुर युक्ती आहे: बागेबाहेरचे दृश्य आपलेसे करून बागेत सामावून घेणे. कोराकुएनला त्यासाठी नदीपलीकडचा काळा किल्ला मिळाला आहे. तोही 1945 मध्ये जळाला आणि 1966 मध्ये काँक्रीटने पुन्हा बांधला गेला. आपल्या बागेच्या वाट्याला सोसायट्यांच्या इमारती आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आल्या. एखाद्या सज्जात वाळत घातलेली साडी तळ्याच्या वर फडफडते, तेव्हा ती मला खटकत नाही; काँक्रीटचा किल्ला चालतो, तर साडीने काय पाप केले?

येथे हिरवळीवर बसणे नाही, आणि कोणी पाऊल टाकलेच तर शिट्टी वाजते. पहिल्यांदा येणारी कुटुंबे हातातली चटई घेऊन गोंधळतात, कारण आपल्याकडे बाग म्हणजे सतरंजी आणि भेळ. पण मला तो नियम पटतो. बसायला मनाई असल्यामुळेच माणूस चालत राहतो, आणि ही बाग चालणाऱ्यालाच दिसते. एका जागी बसून तिच्यातले अर्धे पाहायचे राहून जाईल.

याच उद्यानाच्या दुसऱ्या भागात मुघल पद्धतीची बाग केली आहे. तेथे पाणी सरळ रेषांत वाहते, वाफे चौकोनी आहेत, आणि कारंज्यांजवळ छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. चारबागेची, म्हणजे चार चौकोनांत विभागलेल्या बागेची, ती भूमितीही जुनीच आहे आणि तिच्यात एक राजेशाही आत्मविश्वास आहे, हे मला मान्य आहे. पण तेथे एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाला काय आहे ते आधीच कळते. म्हणून मुलांना कारंजी दाखवून झाली की मी त्यांना घेऊन पुन्हा वळणांच्या बाजूलाच जातो.