शेवटची चाळीस सेकंदं

मंगळवार, रात्र

माहितीपटाचा शेवट काही केल्या ठरत नाहीये. बाकी सगळं टाइमलाइनवर बसलंय, कलर आणि साउंड मिक्स पुढच्या आठवड्यात. पण शेवटच्या चाळीस सेकंदांवरून आज आमच्या गटात पुन्हा वाद झाला. हा वाद नुसता एडिटिंगचा नाही, म्हणून झोपायच्या आधी लिहून काढतेय.

विषय आहे आमच्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या चॅपलमधल्या, म्हणजे प्रार्थनागृहातल्या, पाइप ऑर्गनचे (नळ्यांत हवा सोडून वाजणाऱ्या मोठ्या वाद्याचे) सूर लावायला येणारे काका. हे काम किती संथ असतं याची मला शूटच्या आधी कल्पना नव्हती. एक जण खाली कीबोर्डवर एकेक पट्टी दाबून बसतो आणि काका आत, शिडीवर, नळ्यांच्या दाटीत. दोन नळ्या जवळजवळ एका सुरात आल्या की आवाजात लाटा उठतात. एक नळी सेकंदाला ४४० कंपनं देत असेल आणि दुसरी ४४२, तर दर सेकंदाला दोन लाटा. सूर जुळत जातो तशा त्या संथ होतात आणि मग नाहीशा होतात. काका त्या लाटा ऐकत असतात. धातूच्या नळीला शक्यतो हात लावायचा नाही, कारण हाताच्या उबेनंसुद्धा सूर चढतो. लावावाच लागला, तर नळी निवेपर्यंत थांबायचं. आम्ही कॅमेरा घेऊन आत शिरलो तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, ‘तुमचे दिवे किती तापतात?’ म्हणून अख्खं शूट एका छोट्या एलईडी पॅनेलवर आणि वाढवलेल्या आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता वाढवून, झालं. चित्रात दाणे दिसतात, आणि ते असेच राहावेत असं मला वाटतं. त्या जागेत खरोखर तेवढाच उजेड होता.

काका उपासनेला येत नाहीत. मुलाखतीत त्यांनी ते स्वतःहून सांगितलं. पत्नी गेल्यापासून त्यांनी प्रार्थना केलेली नाही. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत, सरळ सांगितलं आणि पुढच्या वाक्यात ते चामड्याच्या भात्यांबद्दल बोलायला लागले. हा माणूस वर्षानुवर्षं आमच्या मंडळीचं गाणं सुरात ठेवतो आणि स्वतः गात नाही. माझ्यासाठी फिल्म तिथेच आहे.

आता वादाचा शॉट. काम संपल्यावर ऑर्गनवादकानं तपासणीसाठी एक स्तोत्र वाजवलं. काका सर्वांत मागच्या बाकावर बसले, मान खाली, डोळे मिटलेले. आमच्या सिनेमॅटोग्राफरनं ८५ एमएम लेन्सवर तो चेहरा असा टिपलाय की बघताना श्वास रोखला जातो. त्याचं म्हणणं असं, की या चेहऱ्यावरून वेदीवरच्या क्रूसावर कट करायचा, स्तोत्राचा आवाज चढवायचा आणि तिथे संपवायचं. काही बोलायची गरज नाही, प्रेक्षकाला आपोआप कळेल.

काय कळेल? की काका प्रार्थना करत होते.

आणि ते करत नव्हते. कॉलरला लावलेला लेपल माइक काढताना मी त्यांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले की एक नळी अजून किंचित उतरलेली वाटतेय, ती कुठली हे शोधत होतो.

पहिल्या वर्षी शिकवलेला कुलेशोव्हचा प्रयोग आठवतो. सुमारे १०० वर्षांपूर्वी त्या रशियन दिग्दर्शकानं एका नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी, शवपेटीशेजारी आणि एका स्त्रीशेजारी जोडून दाखवला. लोकांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसलं, ओढ दिसली. त्या वेळी वर्गात आम्ही सगळे खूश झालो होतो, केवढी ताकद आहे एका कटमध्ये! पण नटानं चेहरा त्यासाठीच दिलेला असतो. काकांनी आम्हाला त्यांचा चेहरा विश्वासानं दिला. त्याच्यापुढे क्रूस जोडला की त्यांच्या तोंडी एक प्रार्थना जाते, जी त्यांनी केलेली नाही.

माझा हा सिनेमॅटोग्राफर मित्र हे फसवायला म्हणून सुचवत नाहीये, हेही लिहायला हवं. तो काकांसाठी खरोखर रोज प्रार्थना करतो. त्याला जे व्हावंसं वाटतं ते त्याला फ्रेममध्ये दिसतं. आपल्या विद्यापीठात हे नको तर कुठे हवं, असं तो आज म्हणाला, आणि त्यावर मी बराच वेळ गप्प होते.

ख्रिस्ती विद्यापीठात फिल्म शिकते म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही दिवसभर बायबलमधली दृश्यं बसवत असू. तसं काही नसतं. कॅमेरा पात्रांच्या एकाच बाजूला ठेवायचा हा १८० अंशांचा नियम इथेही तोच, सेकंदाला २४ फ्रेम्स त्याच, कॉल शीट (शूटच्या दिवसाचं वेळापत्रक) वेळेवर पाठवली नाही तर ओरडाही तोच. फरक आहे तो आजूबाजूला. शूट सुरू व्हायच्या आधी सगळं युनिट गोल उभं राहून दोन मिनिटं प्रार्थना करतं. चॅपलची हजेरी लागते. फिल्मच्या विषयांबरोबर पवित्र शास्त्राचे पेपरही असतात. आणि पटकथेच्या कार्यशाळेत एक गोष्ट सारखी दिसते: तिसऱ्या अंकात कोणीतरी गुडघे टेकतं. ज्याचं आयुष्य खरंच तसं वळलंय त्याला ते सांगावंसं वाटणारच, आणि त्यानं सांगावंच. पण सगळ्यांच्या पटकथा त्याच पानावर वळायला लागल्या की त्यातलं खरं आयुष्य निघून जातं. येणारं वळण प्रेक्षकाला दहा मिनिटं आधीच दिसतं आणि तो खुर्चीत मागे रेलून बसतो.

शेवट कुठे करायचा, हे मात्र मी एडिटिंगच्या वर्गात नाही शिकले. ते नव्या कराराच्या तासाला शिकले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांमध्ये, चौथ्या शतकातल्या, मजकूर १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनावर थांबतो. कबर रिकामी आहे, बायका थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. बस. पुनरुत्थित येशू दिसत नाही, भेट नाही, आनंद नाही. पुढची वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत ‘कट टू ब्लॅक’, म्हणजे एकदम काळा पडदा, असं लिहिलं होतं.

मग मला असे शेवट दिसतच गेले. योनाचं पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: निनवेतल्या एवढ्या माणसांची आणि गुराढोरांची मी कीव करू नये का? योना काय उत्तर देतो ते लिहिलेलंच नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा घरी येतो, मेजवानी सुरू होते, पण थोरला बाहेर रागावून उभा आहे, बाप त्याची समजूत घालतोय आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला का? लूक सांगत नाही. ज्या ग्रंथावर आमचा विश्वास आहे तो इतक्या महत्त्वाच्या जागी ऐकणाऱ्यावर भरवसा टाकतो. मग आम्ही चाळीस सेकंदंसुद्धा का टाकू शकत नाही?

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर इटालियन दिग्दर्शक पासोलिनी आहे. स्वतःला नास्तिक आणि मार्क्सवादी म्हणवणाऱ्या या माणसानं १९६४ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला, संवाद जवळजवळ सगळे शास्त्रातलेच ठेवून. सिनेमाला १०० वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, व्हॅटिकननं महत्त्वाच्या ४५ चित्रपटांची यादी काढली, त्यात तो आहे. पासोलिनीनं विश्वास असल्याचं सोंग आणलं नाही. समोर जे होतं ते पूर्ण लक्ष देऊन पाहिलं.

आणि आपले दादासाहेब फाळके. १९१०-११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू आणि त्यांच्या मनात राम आणि कृष्ण. त्यातूनच १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो मूकपट करणाऱ्यांच्या स्वप्नातही हे आलं नसेल. मला ही गोष्ट फार आवडते. प्रेक्षक काय घेऊन घरी जाईल हे आपल्या हातात नसतं, आणि नसावं.

बुधवार

सकाळी मार्गदर्शक बाईंना दोन्ही शेवट दाखवले. त्यांनी एकच विचारलं, ‘हा शेवट काकांच्या शेजारी बसून बघू शकाल का?’ सिनेमॅटोग्राफर मान हलवून उठला आणि बाहेर गेला. दुपारी परत आला तो हार्ड ड्राइव्ह घेऊनच. त्याला अजून पटलेलं नाही. पण त्याच शॉटच्या पुढचा भाग आपण बघितलाच नाही, म्हणाला.

बघितला. स्तोत्र संपतं. काका डोळे उघडतात, बोटानं वादकाला थांब म्हणतात, पिशवीतून सूर लावायचा पातळ चाकू काढतात आणि पुन्हा शिडीकडे चालू लागतात. कॅमेरा थोडा हललाय, फोकसही एकदा सुटतो. वापरायचा की नाही यावर आता नवीन वाद सुरू झालाय. मला हवाय. सिनेमॅटोग्राफरला तो सुटलेला फोकस सहन होत नाहीये, तर साउंडवाल्या मुलीला त्याच्याखाली स्तोत्र अजिबात नको, फक्त चॅपलचा रूम टोन, म्हणजे रिकाम्या जागेचा आपला आवाज, आणि शिडीचा आवाज हवाय. रूम टोन तिनं मिनिटभर घेऊन ठेवलाय, तेवढा पुरेल.

शुक्रवारी रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जुळणी, काकांना दाखवायचा आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येणार नाहीत, आणि त्यांना तर तेच आधी ऐकायचे असतील. उद्या साउंड लॅबमधून मॉनिटर स्पीकर मागून घ्यायचे.